आईच्या टार्गेट कार्डावरची पाच भोकं आणि .२२ ची रायफल

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात सांगलीच्या घरातली जुनी ट्रंक उपसली, तेव्हा तळाशी आईचं एन.सी.सी.चं पाकीट सापडलं. 'बी' सर्टिफिकेट, खांद्यावर लावायची पितळी अक्षरं आणि चार घड्या पडलेलं एक टार्गेट कार्ड. कोपऱ्यात निळ्या शाईत १९७४ लिहिलंय. कार्डावर पाच भोकं आहेत. चार जुन्या रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात. पाचवं खाली उजवीकडे, चार बोटं लांब.

आईला विचारलं, रायफल कोणती होती? म्हणाली, "पॉइंट टू-टू." एवढंच. पण एन.सी.सी.त .२२ म्हणून दोन वेगळ्या रायफली होत्या आणि मला नेमकी कोणती ते शोधायचंय. म्हणून हा धागा.

तिला आठवतंय ते तिच्याच शब्दांत देतो. "ड्रिलला जी खांद्यावर घ्यायचो तशीच दिसायची. नळीच्या तोंडापर्यंत लाकूड. माझ्यासारख्या काडीपैलवानाला जड. गोळी एकेकच घालायची. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) पुढे ढकलताना शेवटी शेवटी जोर लावावा लागायचा. पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफलं) बाहेर उडायच्या नाहीत, खालच्या डब्यात पडायच्या. शेवटी उस्ताद रायफल उलटी करून हातात घ्यायचे आणि मोजायचे."

मला वाटतं यातच उत्तर आहे. पण आधी थोडा इतिहास लिहितो. गेले तीन आठवडे मी यातच बुडालोय, आणि ही रायफल मुळात का बनली हे कळल्याशिवाय तिची रचना कळत नाही.

सैनिकाला नेमबाजी शिकवायची तर खरी गोळी महाग, तिला लांबलचक मैदान लागतं, मागे मातीचा मोठा बांध लागतो, आणि नवख्याचा खांदा दहा गोळ्यांत हबकतो. एकदा धक्क्याची भीती बसली की पोरगं चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं. १८८० च्या दशकात इंग्रजांनी यावर मॉरिस ट्यूब वापरायला घेतली. मार्टिनी-हेन्री रायफलीच्या जाड नळीत एक बारीक नळी सरकवायची आणि छोटं काडतूस उडवायचं. सराव झाला की नळी काढून ठेवायची.

मग आलं बोअर युद्ध, १८९९ ते १९०२. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लांबून नेमके टिपून ब्रिटिश फौजेला रडकुंडीला आणलं. आपल्या माणसांना नेम धरता येत नाही, ही गोष्ट लंडनला झोंबली. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी हा विषय आयुष्याचं काम म्हणून धरला. हेच रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानात सरसेनापती होते, जन्म कानपूरचा, आणि इथल्या फौजेतही नेमबाजीच्या सरावावर त्यांचा भर होता. त्यांच्या अध्यक्षतेखाली इंग्लंडभर मिनिएचर रायफल क्लब निघाले. गिरणी कामगार, कारकून, शाळकरी मुलं संध्याकाळी एखाद्या लांबट खोलीत २५ यार्डांवर .२२ चालवू लागली.

फौजेनेही तेच काडतूस घेतलं. १९०७ च्या सुमारास जुन्या ली-मेटफर्ड रायफली .२२ मध्ये बदलायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात लाखोंनी नवी भरती आली तेव्हा ली-एनफील्डच्या वेगवेगळ्या .२२ आवृत्त्या निघाल्या. १९२१ मध्ये त्यातली पक्की आवृत्ती ठरली, मार्क ४. १९२६ मध्ये सगळ्या रायफलींना नवे नंबर मिळाले. .३०३ ची ली-एनफील्ड झाली नंबर १ आणि तिची .२२ बहीण झाली नंबर २. लढायची ती एक नंबर, शिकायची ती दोन नंबर.

माझा अंदाज, आईच्या हातात हीच नंबर २ मार्क ४ होती. जाणकारांनी सांगावं.

नवशिका_०७ | रविवार, रात्री १०:१५

भारी धागा. एक बाळबोध प्रश्न, .२२ म्हणजे नक्की काय? मिलिमीटर का?

अंडर_ऑफिसर | रविवार, रात्री १०:३०

इंच. नळीच्या भोकाचा व्यास साधारण ०.२२ इंच, म्हणजे ५.६ मिमीच्या आसपास. .३०३ म्हणजे ७.७ मिमी. गोळीचं वजन बघितलं की फरक कळतो. .२२ लाँग रायफल या काडतुसाची गोळी ४० ग्रेन, अडीच ग्रॅमच्या जरा वर. .३०३ मार्क ७ ची १७४ ग्रेन, सव्वाअकरा ग्रॅम. शिवाय .३०३ चा वेग सेकंदाला ७४० मीटरच्या घरात आणि .२२ चा साधारण ३३०. म्हणून एकीचा धक्का खांदा सुजवतो आणि दुसरीचा जाणवतही नाही.

मी नागपूरचा, नव्वदच्या दशकातला कॅडेट. आमच्याकडे डीलक्स होती, एन.सी.सी.तली दुसरी .२२. हलकी, पाच गोळ्यांचं मॅगझिन, देखणी. सीनियर सांगायचे की आधी "जाडी" रायफल असायची. कृष्णाकाठ, तुमच्या आईंची ती जाडीच असणार. पुंगळ्या डब्यात पडायच्या हे वाचल्यावर मला तरी शंका उरली नाही.

आर्मरर_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:५०

नमस्कार. मी ई.एम.ई.मध्ये (फौजेच्या दुरुस्ती शाखेत) आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता खडकीला असतो. या रायफली मी टेबलावर उघडून पाहिल्या आहेत, त्यामुळे दोन शब्द लिहितो.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंची स्मरणशक्ती उत्तम आहे. त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक खुणेमागे एक कारण आहे.

बोल्ट शेवटी जड लागतो ही ली पद्धतीच्या बोल्टची ओळख. माउझर घराण्यातल्या बऱ्याच रायफलींत बोल्टची मूठ वर उचलताना स्ट्रायकरची (काडतुसाच्या बुडावर ठोका मारणाऱ्या भागाची) स्प्रिंग ताणली जाते. ली-एनफील्डमध्ये बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात ताणली जाते. हाताचा सगळा जोर त्या वेळी पुढेच असतो, म्हणून सरावलेल्या माणसाला ते सोयीचं. मूठही फक्त ६० अंश फिरवायची, त्यामुळे बोल्ट झपाट्याने चालतो. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला जमिनीवर पालथं पडून ते करताना जोर लागणारच.

आता पुंगळ्या. .३०३ चं काडतूस लांब, बोल्ट मागे ओढला की पुंगळी डाव्या भिंतीतल्या स्क्रूच्या टोकाला अडून बाहेर फेकली जाते. .२२ ची पुंगळी बोटाच्या पेरापेक्षाही लहान. ती त्या टोकापर्यंत नीट पोचतच नाही. मग काय केलं, .३०३ चं मॅगझिन तसंच ठेवलं पण आतली स्प्रिंग आणि पट्टी काढून टाकली. राहिला रिकामा डबा. बोल्ट मागे आला की पुंगळी त्यात टपकन पडते. आम्हाला तर तो डबा म्हणजे देणगीच वाटायचा, कारण रेंजवर पुंगळी हरवणं हा गुन्हा. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या. गवतात हात फिरवत बसायची वेळ या रायफलीने कोणावर आणली नाही.

सर्वांत सुंदर काम आहे बोल्टच्या डोक्याचं. .३०३ च्या काडतुसात टोपी (ठोक्याने पेटणारी छोटी कॅप) बुडाच्या मध्यावर असते, म्हणून स्ट्रायकर मध्यावर मारतो. .२२ ला टोपीच नाही. पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. कारखान्यात ओला मसाला पुंगळीत टाकून तिला गरगर फिरवतात, तो कडेत जाऊन बसतो. म्हणजे मारायचं मध्यावर नाही, कडेवर. ली-एनफील्डच्या बोल्टचं डोकं हा स्क्रूने बसवलेला वेगळा भाग आहे, त्यामुळे अख्खा बोल्ट बदलायची गरज पडली नाही. नवं डोकं बसवलं, त्यात एक छोटी पिन. मागून जुना स्ट्रायकर मध्यावर ठोका देतो आणि पुढे पिनेचं टोक बाजूला सरकलेलं असल्यामुळे तो ठोका कडेवर उतरतो. ज्या कोणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

एक सूचना सगळ्यांनाच. .२२ रिकामी असताना चाप ओढू नये. .३०३ मध्ये पिन हवेत थांबते. इथे काडतूस नसेल तर पिन थेट नळीच्या काठावर आपटते आणि तिथे खाच पडते. मग पुंगळी अडकते, नाहीतर ठोका बरोबर बसत नाही. कितीतरी रायफली याच कारणाने माझ्या टेबलावर आल्या.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ९:०५

काका, हे वाचून अंगावर काटा आला. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'पालथं पडून' ऐकल्यावर तिने हाताने बोल्ट ओढायची नक्कल करून दाखवली. पन्नास वर्षं झाली, हात विसरलेला नाही.

दप्तर_इतिहास | सोमवार, दुपारी १२:२०

इतिहासाच्या बाजूने एक भर घालतो, कारण रॉबर्ट्स आणि क्लबांची गोष्ट एवढ्यावर सोडली तर आपल्याकडचा भाग हरवतो.

इंग्लंडमध्ये गावोगावी कामगार .२२ चालवत होते त्याच वेळी हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा. इथल्या व्हॉलंटियर पलटणी प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी होत्या. सुशिक्षित हिंदी तरुणांना त्यांत घ्या, ही मागणी काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून होत होती. एका साम्राज्यात एकाच वेळी एका मुलाला शाळेत रायफल मिळते आणि दुसऱ्याला ती हातात धरायचीही परवानगी नाही. हे वाचताना मला आजही त्रास होतो.

पहिलं महायुद्ध सुरू असताना १९१७ मध्ये युनिव्हर्सिटी कोअर निघाली, १९२० मध्ये ती युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाली आणि १९४२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर. मुंबई विद्यापीठातही ती होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४८ च्या कायद्याने एन.सी.सी. उभी राहिली. मुलींचा विभाग पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये. म्हणजे १९७४ साली सांगलीत एक मुलगी सरकारी रायफल घेऊन, सरकारी गोळ्यांनी, सरकारी उस्तादाकडून नेम धरायला शिकत होती. १८७८ पासून मोजलं तर ती जागा मिळायला सात दशकं लागली.

आणखी एक. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजांत एन.सी.सी. सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. त्यामुळे १९७४ मध्ये तुमच्या आई स्वतःहून गेल्या होत्या.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:००

स्वतःहून, आणि आजोबांना न सांगता. गणवेश मैत्रिणीकडे ठेवायची.

ऱ्हाईनकाठी | सोमवार, संध्याकाळी ६:१०

जर्मनीहून लिहितेय. इकडची गोष्टही याला जोडून वाचण्यासारखी आहे, पण तिचा शेवट वाईट आहे. व्हर्सायच्या तहाने जर्मन फौज एक लाखावर आणून ठेवली. मग तरुणांना शिकवायचं कसं? खेळाच्या नावाखाली. १९३४ मध्ये 'डॉयचेस स्पोर्टमॉडेल' नावाची .२२ निघाली. नाव खेळाचं, ठेवण लष्करी. माउझर, वाल्टर अशा बऱ्याच कारखान्यांनी ती बनवली. पुढे आलेल्या नमुन्याच्या नावातच 'वेअरस्पोर्ट' होतं, म्हणजे संरक्षण-क्रीडा. तो हातात धरला की फौजेच्या रायफलीसारखाच वाटावा अशी रचना. नाझी संघटनांमधल्या पोरांच्या हातात हीच गेली.

साधन तेच, काडतूस तेच. आर्मरर काकांनी लिहिलेलं वाचताना मला कारागिरीचं कौतुक वाटत होतं आणि त्याच वेळी हेही आठवत होतं.

दप्तर_इतिहास | सोमवार, संध्याकाळी ७:३०

हे लिहिलंत ते बरं झालं. रॉबर्ट्ससुद्धा क्लब काढत होते ते पुढच्या युद्धाची तयारी म्हणूनच.

मॅसॅच्युसेट्सकर | मंगळवार, सकाळी ७:००

अमेरिकेतही हाच रस्ता, पण आधी एक चूक करून. स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीची सरावाची आवृत्ती काढताना त्यांना वाटलं, मॅगझिनमधून पाच गोळ्या भरायचा सरावही मुलांना मिळाला पाहिजे. मग मोठ्या काडतुसाच्या आकाराचे पोलादी धारक बनवले. प्रत्येक धारकात एक छोटं .२२ काडतूस बसवायचं आणि ते धारक खऱ्या काडतुसासारखे भरायचे. हॉफर-थॉम्पसन धारक म्हणतात त्यांना. कल्पना छान, वापर त्रासाचा. प्रत्येक धारक हाताने भरा, झाडून झाल्यावर पुंगळी ढोसून काढा, गंजू नये म्हणून पुसा. नेमही नीट बसेना. शेवटी ते सोडून देऊन १९२२ मध्ये सरळ .२२ साठीच बांधलेली वेगळी रायफल काढली.

आर्मरर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७:४५

हीच चूक इंग्रजांनीही केली. १९१८ च्या नमुन्यात .३०३ च्या आकाराचे पोकळ कन्व्हेयर होते, आत .२२. अडचणही तीच. गोळी नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) भिडण्याआधी तिला मोकळी उडी मारावी लागते, त्यात ती किंचित तिरकी होते. म्हणून मार्क ४ ला त्यांनी हट्ट सोडला. एक गोळी, हाताने, थेट नळीत. कागदावर हे मागे जाण्यासारखं दिसतं. पण शिकणाऱ्यासाठी हेच योग्य. प्रत्येक गोळीच्या आधी थांबावं लागतं, हात आणि श्वास पुन्हा लावावा लागतो.

नळीबद्दल लिहायचं राहिलं. झिजलेल्या .३०३ ची नळी फेकून देत नसत. बर्मिंगहॅमच्या पार्कर कंपनीने पद्धत बसवली होती. जुनी नळी आतून मोठी कोरायची आणि त्यात .२२ च्या आट्या असलेली बारीक नळी बसवून टाकायची. पार्करायफलिंग म्हणत. लढाईतून निवृत्त झालेली रायफल अशी शाळेत यायची. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत .३०३ चे असे बदल होत. .२२ तर झालीच, शिवाय पहारेकऱ्यांसाठी एकेरी .४१० बोअरची मस्केटही तिथेच जुन्या .३०३ मधून केली जायची. एका सांगाड्याला किती जन्म द्यावेत, ते ईशापूरवाल्यांकडून शिकावं.

नवशिका_०७ | मंगळवार, सकाळी ११:३०

काका, एक विचारू? .२२ ची गोळी एवढी छोटी, मग नळी एवढी लांब कशाला? छोटी नळी असती तर मुलांना हलकी पडली नसती का?

आर्मरर_निवृत्त | मंगळवार, दुपारी ३:१५

विचार की, बाळ. चांगला प्रश्न आहे. .२२ ची चिमूटभर बारूद पंधरा-सोळा इंचांतच आपलं काम संपवते. त्यापुढच्या नळीत वेग फारसा वाढत नाही. ली-एनफील्डची नळी २५ इंच. म्हणजे उरलेले नऊ-दहा इंच गोळीसाठी नाहीत, माणसासाठी आहेत. वजन, तोल, माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) डोळ्यापासून किती लांब, डावा हात कुठे धरतो, दस्ता गालाला कुठे लागतो, हे सगळं .३०३ सारखंच हवं. दोन्ही रायफली चार किलोच्या आसपास. बाहेरून नळी तेवढीच जाड आणि आतलं भोक बारीक, म्हणजे .२२ च्या नळीत उलट लोखंड जास्त.

हलकी दिली असती तर मुलगा हलक्या रायफलीवर शिकला असता, आणि .३०३ हातात आल्यावर पहिल्यापासून सुरुवात. डोक्याला समजावून सांगता येतं, हाताला सांगता येत नाही. हाताला तेच वजन रोज द्यावं लागतं.

शिवांगी_थ्रीपी | मंगळवार, रात्री ९:२०

मी कोल्हापूरची, ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) खेळते. आमचं काडतूस तेच, .२२ लाँग रायफल. १८८७ सालचं काडतूस आणि आजही ऑलिंपिकमध्ये हेच. स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदक घेतलं, ४५१.४ गुण, ते याच काडतुसावर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. आमच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) विश्वविजेत्या झाल्या, तेही यावरच. त्या दिवसांत कोल्हापुरात प्रत्येक दुसऱ्या घरातली मुलगी रायफल मागत होती.

मला त्या पाचव्या भोकाबद्दल बोलायचंय. २५ यार्डांवर चार गोळ्या रुपयात, म्हणजे साधारण २८ मिमीत. १०० यार्डांवर त्याच कोनाने पसारा चौपट, सव्वाचार-साडेचार इंचांचा ग्रुप (गोळ्यांचा पुंजका). उघड्या माशीवर, उधार रायफलीवर, हे फार चांगलं आहे. असा नेम असलेली व्यक्ती पाचवी गोळी चार बोटं खाली उजवीकडे उगाच घालत नाही.

खाली उजवीकडे याचा उजव्या हाताच्या नेमबाजासाठी नेहमीचा अर्थ म्हणजे चाप हिसकला. बोट सरळ मागे न येता सगळी मूठ आवळली गेली. .२२ मध्ये ही चूक जास्त दिसते, कारण गोळी सावकाश. .३०३ च्या तुलनेत ती नळीत जवळजवळ दुप्पट वेळ असते. चाप सुटल्यावर गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत नळी जिथे जाईल तिथे गोळी जाते. म्हणून आमचे कोच ओरडतात, मारल्यावर हलू नका, मारल्यावर बघत राहा.

पण पहिल्या चारांत हिसका नाही आणि पाचव्यात आहे. मध्ये काहीतरी घडलं. आईंना विचाराल का, पाचव्या गोळीच्या वेळी काय झालं होतं?

अंडर_ऑफिसर | मंगळवार, रात्री १०:०५

माझा अंदाज वेळ. "जल्दी करो" म्हणून मागून आवाज आला की आमच्या हातांची पार वाट लागायची. आमच्या कॅम्पवर एकदा तासाभरात अख्खी कंपनी उरकायची होती. पाच गोळ्या मारून उठ, पुढचा. गोळ्या संपल्या की वर्षभराची फायरिंग संपली. त्या पाच गोळ्यांसाठी मी वर्षभर डी.पी. (फक्त ड्रिलची, गोळी न झाडता येणारी) रायफल खांद्यावर वाहिली होती. एवढ्या चांगल्या साधनाला एवढ्या कमी गोळ्या मिळाव्यात, याचं मला आजही वाईट वाटतं. आता सिम्युलेटर आलेत, निदान चाप ओढायचा सराव तरी होतो.

नवशिका_०७ | बुधवार, सकाळी ८:००

सिम्युलेटरवर मी केलंय. पडद्यावर चाप ओढण्याआधी नळी कशी हलली त्याची रेघ दिसते. माझी रेघ म्हणजे जिलबी.

दप्तर_इतिहास | बुधवार, सकाळी ९:१०

नंबर २ चं इंग्लंडमध्ये पुढे काय झालं तेही थोडक्यात नोंदवतो. दुसऱ्या महायुद्धात तिकडे ली-एनफील्डची नंबर ४ आली, म्हणून सरावाची रायफलही बदलावी लागली. नंबर ७ थोडी बनली, हवाई दलासाठी. नंबर ८ मात्र तिथल्या कॅडेटांच्या हातात साठएक वर्षं राहिली. नौदलाची नंबर ९ वेगळी. आपल्या कारखान्यात नंबर ४ बनलीच नाही. ईशापूरने जुनी नंबर १ च बनवत ठेवली, आणि साठच्या दशकात तिच्याच धर्तीवर ७.६२ मिमीची २ए१ रायफल काढली. म्हणून आपल्याकडे नंबर २ चं शिक्षण पुढेही उपयोगी राहिलं. .२२ वर शिकलेला हात .३०३ वर आणि २ए१ वर तसाच चालायचा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८:५०

शिवांगी ताई, आईला विचारलं. आधी म्हणाली, "आठवत नाही, चुकली असेल." मग जेवताना, मी विषयही काढला नव्हता, एकदम म्हणाली, "अरे, ती उडलीच नव्हती पहिल्यांदा!"

तिचंच सांगणं लिहितो. "चार झाल्या. पाचवी घातली, बोल्ट लावला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. हात वर केला. उस्ताद म्हणाले, हिलना नहीं. रायफल तशीच समोर धरून ठेवायला लावली, किती वेळ कोण जाणे, मला तास वाटला. बाकीच्या मुली मारून उठल्यासुद्धा. मग त्यांनी बोल्ट उघडला, गोळी काढली, डोळ्याजवळ नेऊन पाहिली, जराशी फिरवली आणि परत घातली. म्हणाले, अब मारो. मला खात्रीच होती की परत उडणार नाही. आणि धाडकन उडाली."

आर्मरर_निवृत्त | बुधवार, रात्री ९:३०

झालं. उलगडलं.

कडेतला मसाला प्रत्येक ठिकाणी सारखा बसलेला नसतो. पिन एकाच जागी मारते. नेमकी तिथे मसाला विरळ असेल तर नुसती खाच पडते, पेट घेत नाही. मध्यावर टोपी असलेल्या काडतुसात असं झालं तर ते सहसा वाया. .२२ मध्ये मात्र गोळी नळीत थोडी फिरवून ठेवली की पिनेखाली कडेचा नवा भाग येतो आणि बहुतेक वेळा ती उडते. उस्तादांनी तेच केलं. आधी रायफल टार्गेटकडे धरून थांबायला लावलं तेही बरोबर, कारण कधी कधी मसाला धुमसत राहतो आणि उशिरा पेट घेतो. थांबण्याआधी बोल्ट उघडणं धोक्याचं. त्या माणसाला काम येत होतं.

ती पुंगळी मिळाली असती तर तिच्या कडेवर दोन खाचा दिसल्या असत्या.

शिवांगी_थ्रीपी | बुधवार, रात्री ९:४५

आणि "खात्रीच होती की उडणार नाही" म्हणजे मूठ आवळली, चाप हिसकला, गोळी खाली उजवीकडे. पन्नास वर्षांनी कार्ड वाचता आलं! कृष्णाकाठ, आईंना सांगा, त्या चार गोळ्यांचा ग्रुपच खरा. पाचवीचा दोष काडतुसाचा.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ७:२०

सांगितलं. आईने कार्ड मागून घेतलं, चष्मा लावला आणि पाचव्या भोकाभोवती पेन्सिलीने बारीक गोल काढला. शेजारी लिहिलं, "दोनदा." आता फ्रेम करायला टाकणार होतो, तर म्हणते फ्रेम नको, पाकिटातच ठेव.

काका, तिने तुम्हाला एक निरोप दिलाय. चाप ओढल्यावर तो टक् आवाज तिला आजही कुकरच्या शिट्टीआधीच्या खटक्यासारखा ऐकू येतो म्हणे, आणि पुढच्या वेळी पुण्याला आलो की तुमच्याकडे बोल्टचं ते डोकं कागदावर काढून घ्यायला यायचंय तिला.

आर्मरर_निवृत्त | गुरुवार, सकाळी ७:४०

अवश्य या. सकाळी दहानंतर मी घरीच असतो. जाड कागद आणि पट्टी काढून ठेवतो.